तिसऱ्या फेऱ्याचे सोळा आकडे

पाकीट खाकी होतं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं, आणि वरचा पत्ता इतक्या वेड्यावाकड्या अक्षरात होता की क्लासच्या शिपायाने ते दोन दिवस काउंटरवर तसंच पडू दिलं होतं. शुक्रवारी दुपारी रिपीटर बॅच सुटली आणि वहिदाने ते स्टाफरूममध्ये बसून फोडलं. आतून चौसष्ट पानांची एक पुस्तिका निघाली. ‘प्रकाश आणि ईथर : नांदेड येथील निरीक्षणे’. खाली नाव, प्रा. मन्मथ बिराजदार. तिला आधी बरंच वाटलं. सर अजून आहेत, लिहितात, कुठून तरी आपला लातूरचा पत्ता मिळवून आठवणीने पुस्तक पाठवतात, एवढंच मनात आलं. मग सवयीने तिने पुस्तिका मधूनच उघडली आणि एकतिसाव्या पानावर तिला एक तक्ता दिसला. सोळा घरं, सोळा आकडे. वर लिहिलं होतं : १९ जानेवारी १९९८, सायंकाळ, फेरा तिसरा. आणि खाली : निरीक्षक, कु. वहिदा सय्यद.

समोर केमिस्ट्रीचे सर डबा उघडत होते. ते काहीतरी विचारत होते, बहुतेक जेवलात का म्हणून, आणि तिने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांत तिने ते आकडे एकदाही उच्चारले नव्हते. पाठही नव्हते. तरी चौथ्या घरावरून पाचव्या घराकडे जाताना पुढे काय छापलेलं असणार हे तिला न बघता कळलं, आणि बघितलं तर तेच होतं. आकडा थोडा चढायचा, मग आणखी थोडा, मग थांबायचा, मग तितक्याच पायऱ्यांनी उतरायचा. मग परत एकदा तसंच. शाळेतल्या हुशार मुलीने फळ्यावर काढावी तशी लाट. ते आकडे तिने दुर्बिणीतून वाचलेले नव्हते. ते तिने रचलेले होते. हे जगात फक्त तिला ठाऊक होतं, आणि आता ते चौसष्ट पानांत, तिच्या माहेरच्या नावासकट, छापून आलं होतं.

मन्मथ सर नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि त्यांचा एक हट्ट होता की पुस्तकात लिहिलंय म्हणून काही मानायचं नाही. प्रकाश लाटांसारखा पसरतो तर त्या लाटा कशात उठतात, असं जुने लोक विचारायचे. पाण्याची लाट पाण्यात उठते, आवाजाची हवेत, तशी प्रकाशाची ईथरमध्ये, असं त्यांनी धरून चाललं होतं. मग पृथ्वी जर त्या ईथरमधून धावत असेल तर तिच्या अंगावर त्याचा वारा यायला हवा. अठराशे सत्त्याऐंशीत अमेरिकेत मायकेल्सन आणि मॉर्ले या दोघांनी तो वारा मोजायचं ठरवलं. प्रकाशाचा एक किरण फोडून दोन करायचे, एकमेकांना काटकोनात धाडायचे, आरशांवरून परत आणून एकावर एक टाकायचे, की दुर्बिणीत काळे-उजळ पट्टे दिसतात. सगळी मांडणी एका दगडावर, दगड पाऱ्यावर तरंगता. दगड हळूहळू फिरवला आणि वारा असला तर पट्टे सरकतील, नसला तर नाही. सरकले नाहीत. म्हणण्यासारखं काही सापडलंच नाही, आणि त्या न सापडण्यातून पुढे अठरा वर्षांनी सगळं जुनं फिजिक्स उलथलं. सर हे सांगताना खडू खाली ठेवायचे. “आपण हे इथं करायचं,” म्हणाले होते. “नांदेडच्या पोरांनी आपल्या डोळ्यानं बघायचं की वारा न्हाई. सांगोवांगी न्हाई.”

म्हणजे सुरुवातीला त्यांना काही शोधायचं नव्हतंच. हे वहिदाला आता सगळ्यात जास्त लागत होतं. मुदखेडच्या बाजूच्या खाणीतून त्यांनी काळा दगड घासून आणवला, एका वेल्डरकडून लोखंडाची गोल पन्हळ करून घेतली, दोन वर्षं कुठून कुठून पारा जमवला, आणि जिन्याखालच्या एका बंद खोलीत मांडणी उभी केली. एमएस्सीच्या वर्गात मुली तीन होत्या. देगलूर नाक्याच्या त्यांच्या मोहल्ल्यातून एमएस्सीला गेलेली तर वहिदा पहिलीच. सरांनी तिला बोलावलं कारण तिची नजर तीक्ष्ण होती. काम असं : दगड एकदा ढकलून दिला की सहा मिनिटांत एक फेरा. दुर्बिणीला डोळा लावून दगडाबरोबर तिने चालायचं, त्याला धक्का लागू द्यायचा नाही, आणि सोळा खुणांपैकी प्रत्येक खुणेवर, दुर्बिणीतल्या केसाएवढ्या मोजरेघेपासून पट्टा किती घरं सरकलाय तो आकडा मोठ्याने सांगायचा. कोपऱ्यात टेबलाशी बसून सर लिहायचे. दुपारी बाराला सहा फेरे, संध्याकाळी सहाच्या सुमारास सहा फेरे. अमेरिकेतल्या त्या दोघांच्या वेळाही अशाच होत्या, म्हणून.

त्या वर्षी रमजान जानेवारीत आला. पहिल्या रोजाला सर म्हणाले, “तू संध्याकाळचं राहू दे, पोरी. मी दुसरं कुणी बघतो.” ती म्हणाली, “नाही सर, मला चालतंय.” दुसऱ्या दिवशी ती आली तर टेबलावर कागदात बांधलेले खजूर आणि पाण्याचा तांब्या. सर वहीतच बघत राहिले. ते खजूर तिला किती गोड लागले होते, आणि त्याच खजुरांनी आपली जीभ कशी बांधून टाकली, हे ती अनेकदा आठवायची. इतकं कुणी आपल्यासाठी केल्यावर आज होत नाही म्हणायचं कसं.

एकोणीस तारखेला दिवसभर बारा फेऱ्यांपैकी आठ झाले होते. काही नाही. पट्टे अर्ध्या-पाऊण घराने इकडे-तिकडे उडत, तसे ते रोजच उडत. पण ते उडणं कुठल्या एका दिशेचं नव्हतं. त्या दुपारी प्राचार्यांनी सरांना खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितलं होतं. सर ते तिला बोलले नव्हते, शिपायाने सांगितलं होतं. ते पेन हातात धरून बसले होते आणि त्यांच्या मानेकडे बघवत नव्हतं. संध्याकाळचा तिसरा फेरा सुरू झाला तेव्हा सहा वाजून गेले होते. पहिल्या दोन खुणांचे आकडे तिने सांगितले, तिसऱ्या खुणेला जाताना लांबून अजान ऐकू आली, आणि सर न बघता म्हणाले, “खजूर घे अगोदर.” तिने एका हाताने खजूर तोंडात टाकला. त्याच वेळी बाहेरून एखादा ट्रक गेला असेल, की तिचाच पदर कुठे लागला असेल, दुर्बिणीतले पट्टे थरथरले आणि गेले. नुसता पिवळा उजेड. अशा वेळी ‘गेले’ म्हणायचं असतं. मग दगड थांबवायचा, आरसे पुन्हा जुळवायचे, तास जातो. तोंडात खजूर होता, बी जिभेखाली. तिसरी खूण आली आणि तिने एक आकडा सांगितला.

नंतरच्या वर्षांत तिने स्वतःला किती तरी वेळा विचारलं की तो आकडा का सांगितला. घरी जायचं होतं म्हणून? अम्मी वाट बघत असेल म्हणून? की त्या वाकलेल्या मानेची दया आली म्हणून? दया म्हटलं की जरा बरं वाटायचं, म्हणून ती दयेवर विश्वास ठेवत नसे. खरं तर तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. तोंड आपोआप बोललं. चौथा आकडा तिसऱ्याशी जुळता द्यावा लागला, पाचवा चौथ्याशी, आणि वाऱ्याने पट्टे कसे सरकले असते ते तिला पुस्तकातल्या आकृतीवरून पक्कं माहीत होतं. एका फेऱ्यात दोनदा वर, दोनदा खाली. बाराव्या खुणेच्या पुढे पट्टे आपले आपणच परत आले, पण तोवर थांबता येत नव्हतं. तेराव्या खुणेला दुर्बीण एक सांगत होती आणि ती दुसरंच.

फेरा संपला. पेनचा आवाज थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून तिने मागे वळून बघितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि ते कागदाकडे बघत होते. माणसाचा चेहरा तसा होताना तिने नंतर एकदाच पाहिला, लेक जिक्रा जन्मली तेव्हा नवऱ्याचा, आसिफचा. “परत बघ,” ते हळूच म्हणाले. चौथ्या फेऱ्यात तिने डोळे फाडून खरे तेच आकडे सांगितले. काही नव्हतं. पाचव्यात नाही, सहाव्यात नाही. पण सर आता त्या आकड्यांकडे बघतच नव्हते. “येतो आणि जातो,” ते म्हणाले. “वारा हाय तो. सारखा कसा राहील.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. ती गेलीसुद्धा ठरवून, तर सर रात्रभर गणित करून आलेले, दाढी न केलेले, आणि त्यांची दहा वर्षांची आरती त्यांच्याबरोबर आली होती, कारण बाबांनी तिला सांगितलं होतं की आज तुला एक गंमत दाखवतो. मग एक आठवडा गेला. मग परीक्षा, मग पुढच्या वर्षी लग्न, लातूर. मधल्या काळात बातम्या येत राहिल्या. सरांनी लेख पाठवले, ते परत आले. एका परिषदेत ते बोलायला उभे राहिले तेव्हा लोक हसले. पोरं त्यांना ईथर मास्तर म्हणू लागली. रिटायर झाल्यावर त्यांनी तो दगड, ती पन्हळ, सगळा पारा घरी नेला आणि मागच्या खोलीत मांडला. त्यांची बायको सिंधुताई उदगीरला माहेरी गेली ती परत आली नाही, तिकडेच वारली. वहिदा हे सगळं ऐकायची, आणि दर वर्षी अडीचशे मुलांना शिकवायची की मायकेल्सन-मॉर्ले प्रयोगाचं उत्तर शून्य, पर्याय क्रमांक तीन, यावर वेळ घालवू नका.

पुस्तिका फोडली त्या शुक्रवारी संध्याकाळी तिने पहिल्यांदा ते आसिफला सांगितलं. आसिफचं गंजगोलाईत मिक्सर-कुकरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तो शांत माणूस, ऐकून घेणारा. त्याने पुस्तिका उलटसुलट करून बघितली, तक्त्यावर बोट ठेवलं. “ये सोला नंबर?”

“हां.”

“इत्ते से नंबर के वास्ते?” त्याला ते खरंच कळत नव्हतं, आणि त्याला कळत नाही याचा तिला रागही येईना. मग तो म्हणाला, “वहिदा, अब बोल के क्या मिलेगा? बुढ्ढा आदमी है. चैन से मरने दे.”

“मरायच्या आधी कळायला नको का त्यांना?”

“उनकू कळायला पाहिजे के तेरेकू बोलायला पाहिजे?” त्याने सहज विचारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. शनिवारी पुस्तिकेवरच्या नंबरवर येते म्हणून कळवून रविवारी सकाळी तिने नांदेडची एसटी धरली, तेव्हा हा प्रश्न तिच्या शेजारीच बसल्यासारखा होता. शिरूर ताजबंद गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली काळी रानं. तिने मनात वाक्यं जुळवली. सर, मला माफ करा. नको. सर, एक गोष्ट सांगायची आहे. हेही नको. लोह्याच्या स्टँडवर बस वीस मिनिटं थांबली, आणि तिच्या मनात आलं की इथेच उतरावं, उलटी गाडी धरावी. ती उतरली नाही. पण याला धीर म्हणायचा की नुसतं बसून राहणं, ते तिला ठरवता आलं नाही. नांदेड आलं तेव्हा तिला जाणवलं की आपण माफी मागायला निघालो आहोत आणि माफ केलेलं आपल्याला सोसणार नाही.

तरोडा नाक्याच्या मागच्या गल्लीत सरांचं घर होतं. दार आरतीने उघडलं. केसांत पांढरे धागे, खांद्यावर टॉवेल. ती मुदखेडच्या शाळेत शिकवते, रोज रेल्वेने जाते-येते, हे वहिदाला ऐकून माहीत होतं. “वहिदाताई ना? बाबा म्हणतच राहिलेत सकाळपासून, आज येईल म्हणून.” आवाज थोडा खाली आणून ती म्हणाली, “हात बघून दचकू नका. लई हलतात. डॉक्टर म्हणतात पाऱ्यानं असेल, वयानंही असेल. सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या खोलीत बसून राहिले.” पारा. हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. हसं झालं, लेख परत आले, बायको गेली, हे सगळं तिने धरलं होतं; पण हात धरले नव्हते.

सर खिडकीपाशी खुर्चीत होते. एवढासा झालेला माणूस. दोन्ही हात मांडीवर, आणि ते हात पाण्यावर ठेवल्यासारखे हलत होते. पाकिटावरचं ते ‘लातूर’ तिला आठवलं. त्यांनी ते स्वतः लिहिलं होतं. “ये,” ते म्हणाले. “पुस्तक मिळालं? तुझं नाव टाकलंय बघ. प्रेसवाला म्हणला आताचं आडनाव काय, मी म्हणलं आताचं मला काय करायचं, तेव्हा जी होती तीच निरीक्षक.” ते हसले. समोरचे दोन दात नव्हते. आरती चहा आणायला आत गेली. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य वहिदाला आठवेना.

“सर, तिसऱ्या फेऱ्यात मला पट्टे दिसत नव्हते.”

“कधी?”

“एकोणीस जानेवारीला. अजान झाली, तुम्ही खजूर घे म्हणालात, तेव्हा पट्टे गेले. मी ते सांगितलं नाही. मी आकडे मनाने सांगितले. तिसऱ्या खुणेपासून सोळाव्यापर्यंत. शेवटी शेवटी दिसत होते तेही खरे सांगितले नाहीत.”

सर तिच्याकडे बघत राहिले. हात तसेच हलत होते, त्यांचा आणि सरांचा काही संबंध नसल्यासारखे. ती थांबली. काहीतरी कोसळेल, ओरडतील, निदान तोंड फिरवतील, असं तिला वाटलं, आणि त्यासाठी तिने अंग आवळून धरलं होतं.

“वहिदा,” ते सावकाश म्हणाले, लहान मुलाला समजवावं तसे, “तुझं वय काय आता?”

“पन्नास.”

“माझं चौऱ्याहत्तर. मला काल काय खाल्लं ते आठवत न्हाई. सव्वीस-सत्तावीस वर्षांत माणूस लई गोष्टी रचतो. लोकं हसली, तुझं नाव माझ्याबरोबर जोडलं गेलं, तुला वाईट वाटलं असंल. मन काहीतरी कारण शोधतं. म्या वर्गात काय शिकवलं होतं? नोंद त्या वेळची असती, आठवण मागाहूनची. दोन्हींत फरक पडला तर कोणती धरायची?”

ती त्यांच्या हलणाऱ्या हातांकडे बघत राहिली.

“सांग ना. कोणती?”

“नोंद,” ती म्हणाली.

“हाव.” त्यांनी मान डोलावली, विद्यार्थिनीने बरोबर उत्तर दिल्यावर डोलवावी तशी. “त्या दिवशी तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. ते माझ्याकडं लिहिलेलं हाय. चहा घेऊनच जा.”

तिने पुन्हा प्रयत्न केला. खजुराची बी सांगितली, जिभेखालची. तेरावी खूण सांगितली. ते ऐकत होते, अगदी मायेने ऐकत होते, आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. मग म्हणाले, “लई त्रास करून घेतलास पोरी तू.” आरती चहा घेऊन दारात उभी होती. कप बशीवर वाजत होते. केव्हापासून ती तिथे होती कुणास ठाऊक.

फाटकापर्यंत आरती सोडायला आली. कडी काढली, पण फाटक उघडलं नाही. “खरं आहे ना ते?” तिने विचारलं. वहिदा हो म्हणाली. हिने एका क्षणात विश्वास ठेवला आणि त्यांनी अजिबात नाही, हे दोन्ही तिला सारखंच असह्य झालं. आरती रडली नाही. ती समोरच्या घराच्या गच्चीकडे बघत होती. “आई उदगीरला गेली त्या दिवशी बाबा मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आकडे घेऊन राहिले होते. तिने दारावर थापसुद्धा मारली. मी रिक्षात बसवलं तिला.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुम्ही तेव्हा फोन केला असता तरी चाललं असतं. पत्र टाकलं असतं तरी.”

“आरती, मला...”

“नाही, राहू द्या. त्यांचं तर काही बिघडलं नाही, त्यांनी ऐकलंच नाही. तुमचंही बोलून झालं. आता हे घेऊन मी काय करू, सांगा ना. मला कशाला ऐकवलंत?” तिने फाटक उघडलं. “परत बोलू नका त्यांच्याशी यावर.”

वहिदा लातूरला परतली. वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, हलकंही नाही, जडही नाही. सोमवारी तिने लाटा घेतल्या, मंगळवारी प्रकाशाचे पट्टे. फळ्यावर एक लाट काढून झाल्यावर तिचा हात क्षणभर तिथेच थांबला, मुलं वह्यांत उतरवत राहिली. रोज सकाळी उठताना तिला वाटायचं की काहीतरी राहून गेलंय, आणि मग आठवायचं की नाही, काही राहिलेलं नाही. जे करायचं होतं ते करून झालं आहे. आसिफने विचारलं, “क्या बोले सर?” ती म्हणाली, “मानले नाहीत.” तो म्हणाला, “चलो, अच्छाच हुआ.” आणि खरोखरच थोडे दिवस तिला वाटलं की असंही राहू शकतं. ते त्यांचा वारा घेऊन जातील, ती तिचं खोटं घेऊन.

अकराव्या दिवशी दुपारी, दोन बॅचेसच्या मधल्या सुट्टीत, फोन वाजला. जिन्यात मुलांचा लोंढा उतरत होता. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. सरांचा आवाज होता, स्वच्छ, वर्गातला.

“वहिदा, म्या फरक काढले.”

“कसले सर?”

“सगळ्या फेऱ्यांचे. त्या महिन्यातल्या दोनशे सोळा फेऱ्यांचे. आरतीला लिहायला बसवलं, माझ्यानं लिहवत न्हाई. तू म्हणलीस ते तपासायला पाहिजे होतं. नुसतं न्हाई म्हणून कसं चालंल. ऐक. बाकी कोणताबी फेरा घे. आकडा अर्धं घर उडतो, पाऊण घर उडतो. दगड हाय, हवा हाय, तुझा श्वास हाय, उडणारच. तिसऱ्या फेऱ्यात तीनपासून सोळापर्यंत एकबी आकडा उडत न्हाई. एकबी. लाट कशी चोख. अशी चोख लाट डोळ्यानं वाचता येत न्हाई. ती डोक्यातूनच निघती.” ते थांबले. दम लागल्याचं ऐकू येत होतं. “तू खरं बोलत होतीस.”

मुलं तिला वळसा घालून उतरत होती. कुणीतरी गुड आफ्टरनून मॅडम म्हणालं. तिला म्हणायचं होतं की सर, चूक माझी आहे, सगळी माझी आहे. हे वाक्य इतकी वर्षं तयार होतं आणि ते तिने म्हटलंही, पण सरांनी ते मधेच तोडलं.

“न्हाई, न्हाई. एमएस्सीच्या पोरांना दर वर्षी म्या हेच शिकवत होतो, की जास्त चोख आकडा आला तर संशय घ्या. हे मला त्याच संध्याकाळी दिसायला पाहिजे होतं. समोरच होतं कागदावर. म्या बघितलं न्हाई, कारण मला वारा पाहिजे होता.” मग जरा वेळाने, अगदी साध्या आवाजात, “तू दिवसभराची उपाशी होतीस, वहिदा. मी जेवून आलेला होतो.”

फोन बंद झाला. तिने परत लावला, तो उचलला गेला नाही. वर्गात पुढची बॅच बसली होती आणि तिने त्यांना दीड तास शिकवलं, बहुधा नीट शिकवलं, कारण कुणी काही विचारलं नाही. रागावले असते तर, हे तिच्या मनात येत राहिलं. एकच शिवी दिली असती तर. तिच्याकडे तेवढंच होतं, ती चूक, आणि तीही त्यांनी काढून घेतली होती. आता ती चूक त्यांची होती आणि ते त्या चुकीसकट चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या खुर्चीत बसले होते.

आठवडाभर तिने रोज फोन लावला. शेवटी एका सकाळी आरतीने उचलला. मागे रेल्वेचा आवाज होता, ती मुदखेडच्या गाडीत होती.

“बाबा कसे आहेत?”

“बसून राहतात. बोलत नाहीत.” आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “परवा दोन माणसं बोलवायला लावली, दगड फोडून घेतला. पारा न्या म्हणून कॉलेजवाल्यांना कळवलंय. अजून कुणी आलं नाही. बाबा तिथंच खुर्ची टाकून बसले होते, शेवटचा तुकडा बाहेर जाईपर्यंत.”

“काही म्हणाले?”

“माणसांना म्हणाले, हळू, पायावर पडेल. तेवढंच. त्यानंतर नाही.”

वहिदा गच्चीवर उभी होती. खाली गल्लीत मुलंमुली पाठीवर दप्तरं घेऊन क्लासेसकडे चालली होती, शेकड्यांनी.

“मी येऊ का रविवारी?” तिने विचारलं.

“कशाला?” आरती म्हणाली.

हे तिने टोचून विचारलं नव्हतं. काही कारण असेल तर सांगा, अशा आवाजात विचारलं होतं, आणि उत्तरासाठी ती थांबलीही. गाडीने रूळ बदलल्याचा खडखडाट झाला. मग आरती म्हणाली की स्टेशन आलं, ठेवते, आणि तिने फोन ठेवला.